पश्चिमाभिमुख प्रवेशद्वारासाठी सागवानी दार घरीच बनवायचे आहे: लाकूड, सांधे आणि पाऊस यांविषयी मार्गदर्शन हवे

नेरूळ_रोहाऊस यांचा प्रश्न

नमस्कार.

नेरूळ येथील आमच्या रो-हाऊसचे मुख्य दार पश्चिमेला आहे. समोर मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे खाडी असल्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात वाऱ्यासह येणारा पाऊस थेट दारावर आदळतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतरचे ऊनही त्याच दारावर येते. वरचा छज्जा जेमतेम दीड फूट पुढे आलेला आहे. सध्याचे दार फ्लश प्रकारचे, म्हणजे दोन्ही बाजूंना सपाट प्लाय लावलेले, असून खालच्या कडेला त्याच्या प्लायचे थर सुटले आहेत. दर जुलैमध्ये ते चौकटीत इतके घट्ट बसते की खांद्याने ढकलल्याशिवाय उघडत नाही. सुताराने रंधा मारून ते मोकळे करून दिले, पण आता हिवाळ्यात कुलपाच्या बाजूने करंगळी जाईल एवढी फट दिसते.

चौकट चांगली आहे, त्यामुळे ती बदलायची नाही. केवळ पल्ला नवा करायचा आहे. त्याचे माप साधारण ९५० मिमी रुंद आणि २०७० मिमी उंच असे येते. गाडी उभी करण्याच्या जागेत मी छोटी कार्यशाळा केली आहे. तेथे टेबल सॉ, राउटर, ड्रिल, दोन लोखंडी रंधे, पटाश्यांचा संच आणि लांब पाइप क्लॅम्प आहेत, मात्र फळ्यांची जाडी एकसारखी करणारे थिकनेसर यंत्र नाही. कपाटे, टेबले आणि एक पलंग एवढे काम या जागेत झाले आहे. ऊन-पावसाला तोंड देणारी वस्तू अद्याप केलेली नाही.

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी मालकीच्या जमिनीतील सागाची झाडे रीतसर परवानगी घेऊन तोडली होती. त्यांच्या दोन इंच जाडीच्या फळ्या गेल्या दिवाळीपासून तेथील पडवीत रचलेल्या आहेत. हे लाकूड दारासाठी योग्य ठरेल काय? आमच्या परिचयाच्या एका सुताराच्या मते रुंद फळ्या एकमेकींना चिकटवून केलेले भरीव दारच खरे मजबूत असते, आणि पॅनलचे दार, म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या खाचांत फळ्या (पॅनल) बसवलेले दार, ही केवळ शोभा असते. आपल्यापैकी कोणी असे काम केले असल्यास रचना, सांधे, गोंद आणि पॉलिश यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रंधा_पटाशी, ठाणे पश्चिम

जुलैत घट्ट बसणारे आणि जानेवारीत फट दाखवणारे दार रंधा मारून कधीच सुधारत नाही, कारण रंध्याने पावसाळ्यातले फुगलेले माप कायमचे कापले जाते आणि हिवाळ्यातले आकुंचन होते तेवढेच राहते. जुना पल्ला उतरवाल तेव्हा त्याची खालची कड उलटी करून अवश्य पाहा. बहुतेक घरांत ती कोरी निघते, कारण रंगारी येतो तेव्हा दार बिजागऱ्यांवर लटकलेले असते आणि ब्रश खाली पोहोचत नाही. आपल्या दाराचे थर खालूनच सुटले आहेत यावरून येथेही तसेच झाले असावे, असा माझा तर्क आहे.

आता नव्या दाराविषयी. हवेतील आर्द्रता वाढली की लाकूड पाणी घेते, कमी झाली की सोडते. आपल्याकडे हिवाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता सरासरी ६० टक्के धरली, तर लाकडातील ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तोच ओलावा १७-१८ टक्क्यांकडे सरकतो. म्हणजे वर्षाकाठी सहा टक्क्यांचा चढउतार गृहीत धरूनच माप काढावे लागते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. जे काही हलते ते रुंदीत. सागवान या बाबतीत अनेक लाकडांपेक्षा शांत आहे, तरीही ओलाव्यातील प्रत्येक टक्क्यामागे १०० मिमी रुंदीची फळी सुमारे ०.१९ मिमी फुगते. फळीच्या टोकाकडे पाहिल्यावर वाढीची वलये रुंदीला समांतर दिसत असतील तर हा आकडा लागू होतो; वलये रुंदीशी काटकोनात असतील तर तो जवळजवळ निम्मा, म्हणजे ०.१० मिमी धरावा.

हा हिशेब भरीव दाराला लावून पाहा. ९५० मिमी रुंदीच्या सलग लाकडात सहा टक्के ओलाव्याला सुमारे १० मिमी फरक पडतो. एवढी जागा चौकटीत कोणीही सोडत नाही, त्यामुळे दार एक तर अडकते किंवा गोंदाच्या ओळीवर फाटते. पॅनलच्या दारात आडव्या पट्ट्यांचे तंतू दाराच्या रुंदीच्या दिशेने असल्यामुळे त्यांची लांबी बदलत नाही. रुंदीत फुगतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. प्रत्येकी १२० मिमी धरल्यास दोहोंचे मिळून २.७ मिमी, आणि काटकोनी वलयांच्या फळ्या निवडल्यास दीड मिमीच्याही आत. पॅनल मात्र आपापल्या खाचेत फुगत आणि आकसत राहतात, त्याची झळ चौकटीपर्यंत पोहोचत नाही. आपल्या सुतारांना शोभा वाटते ती रचना याच कारणासाठी जन्माला आली आहे.

माझी सूचना अशी की उभ्या पट्ट्या १२० मिमी, वरची आडवी पट्टी १२०, मधली १५० आणि खालची २०० मिमी ठेवावी. या सर्वांची तयार जाडी ४२ मिमी असावी. मध्यभागी १०० मिमीची एक उभी पट्टी घेतल्यास पॅनल सुमारे ३०० मिमीचे होतात आणि त्यांची हालचाल आटोक्यात राहते. खाच १५ मिमी खोल करून पॅनल त्यात दोन्ही बाजूंनी १२ मिमी बसवावे, म्हणजे फुगायला प्रत्येक बाजूस ३ मिमी जागा उरते. खाचेत गोंदाचा थेंबही जाता कामा नये. पॅनल मध्यावर राहावे म्हणून वरच्या आणि खालच्या पट्टीत, पॅनलच्या रुंदीच्या बरोबर मध्यबिंदूवर, एक बारीक लाकडी खुंटी ठोकली तरी पुरते. पॅनलला पॉलिशचे सर्व हात जोडणीपूर्वी द्यावेत. नंतर दिल्यास पहिल्याच हिवाळ्यात पॅनल आकसते आणि कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते. हे दृश्य मी महागड्या दारांवरही पाहिले आहे.

सांधा मॉर्टिस-टेननचाच हवा, म्हणजे उभ्या पट्टीतल्या भोकात (मॉर्टिस) आडव्या पट्टीच्या टोकाची जीभ (टेनन) बसवलेला. ४२ मिमी जाडीला टेनन १४ मिमी जाडीचे, म्हणजे एक तृतीयांश. खालच्या २०० मिमीच्या पट्टीला एकच रुंद टेनन काढू नये, कारण तेवढे लांब भोक उभ्या पट्टीला कमकुवत करते आणि टेनन आकसल्यावर सांधा सैल पडतो. त्याऐवजी सुमारे ६० मिमीचे दोन टेनन काढून मधला भाग उथळ ठेवावा. टेनन आरपार काढून बाहेरून पाचरी मारणे ही जुनी आणि भक्कम पद्धत आहे, परंतु तिच्यात टेननची तोंडे दाराच्या कडेवर उघडी राहतात. आपल्या दारावर येणारा पाऊस पाहता मी ८० मिमी खोल बंद मॉर्टिस पसंत करीन. ज्यांना पाचर हवीच आहे त्यांनी ती तोंडे पातळ इपॉक्सीने दोनदा भिजवून बंद करावीत.

उभ्या पट्ट्या दोन्ही टोकांना ५० मिमी जास्त लांब ठेवाव्यात आणि जोडणी पूर्ण झाल्यावरच कापाव्यात. टोकाजवळचे मॉर्टिस खोदताना लाकूड चिरत नाही ते याचमुळे. गोंद लावण्यापूर्वी सर्व काही कोरडे जोडून दोन्ही कर्ण मोजा. त्यानंतर दाराच्या वरच्या आणि खालच्या टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून, डोळा खाली आणून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीकडे पाहा. दोन्ही कडा समांतर दिसल्या नाहीत तर दारात पीळ आहे. तो या टप्प्यावर टेननचे खांदे, म्हणजे उभ्या पट्टीला टेकणाऱ्या त्याच्या मुळाशी असलेल्या कडा, तासून निघतो. गोंद वाळल्यावर काहीही केले तरी निघत नाही.

सागवान तेलकट असल्यामुळे चिकटवायच्या पृष्ठभागावर ताजा रंधा मारून, ॲसिटोनने पुसून, लगेच गोंद लावावा. घरातील फर्निचरला वापरतो तो साधा पांढरा गोंद येथे चालणार नाही. फेविकॉल मरीनसारखा जलरोधक गोंद किंवा सावकाश वाळणारी इपॉक्सी घ्यावी. सांधे मोठे असल्यामुळे आणि क्लॅम्प लावायला वेळ लागत असल्यामुळे माझा कल इपॉक्सीकडे आहे. तिला क्लॅम्पचा फार दाब देऊ नये, कारण जास्त आवळल्यास गोंद सांध्याबाहेर निघून जातो.

वखारवाला, कोपरी, ठाणे

वरील उत्तरातील रचनेशी मी सहमत आहे. लाकडाविषयी लिहितो, कारण आमच्या घरात वखारीचा व्यवसाय आहे आणि ‘गावचे सागवान आहे’ असे सांगणारे ग्राहक वारंवार येतात.

गावचे सागवान चांगले की वाईट हे गावावरून ठरत नाही. झाडाच्या वयावरून आणि फळी खोडाच्या कोणत्या भागातून निघाली आहे यावरून ठरते. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी असतो आणि वाळवीला तसेच बुरशीला तो उत्तम टक्कर देतो. त्याच्याभोवतीचे फिकट, पिवळसर पांढरे लाकूड, ज्याला आम्ही नुसते ‘पांढरे’ म्हणतो, त्यात हा गुण नसतो. कीड प्रथम तेथेच लागते. तरुण झाडात पांढऱ्याचे प्रमाण जास्त असते. आपल्या फळ्यांना रंध्याचा एकेक हात मारून, किंचित पाणी लावून पाहिल्यास दोन्ही रंगांची सीमा स्पष्ट दिसेल. बाहेरच्या दारात पांढरे अजिबात घेऊ नये, आणि खालच्या आडव्या पट्टीत तर ते नखाएवढेही नको. ते कापून काढल्यावर किती लाकूड उरते यावरच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. खोडाच्या अगदी मध्यातून, म्हणजे जिथे वलयांचे केंद्र फळीतच आले आहे तिथून, निघालेल्या फळ्याही बाजूला ठेवाव्यात. त्या हमखास चिरतात.

आपल्या मापाच्या दारात निव्वळ लाकूड सुमारे सव्वादोन घनफूट लागते. गाठी, पांढरे, टोकांच्या चिरा आणि रंध्याचा भुसा हे सारे जमेस धरता साडेतीन ते चार घनफूट हाताशी असावे.

ओलाव्याविषयी थोडे अधिक सांगतो. बाजारातील पिना टोचायचे मीटर फळीच्या पृष्ठभागाजवळचा आकडा देते, आणि दोन इंची फळी बाहेरून वाळलेली पण आतून ओली असणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यापेक्षा घरच्या ओव्हनची चाचणी खात्रीची आहे. फळीच्या टोकापासून किमान एक फूट आत जाऊन तिचा पूर्ण रुंदीचा, इंचभर जाड तुकडा कापावा, लगेच स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलावा, मग ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवून वजन उतरायचे थांबेपर्यंत मधूनमधून तोलत राहावे. घटलेले वजन भागिले कोरडे वजन गुणिले १००, हा त्या फळीचा ओलावा. उदाहरणार्थ, तुकडा आधी ४१२ ग्रॅम आणि शेवटी ३५२ ग्रॅम भरला तर घट ६० ग्रॅम, म्हणजे ओलावा १७ टक्के. एवढ्या ओलाव्याचे दार जोडले तर पहिल्याच हिवाळ्यात खांद्यांपाशी सांधे उघडतील.

भारतीय मानक २८७ मध्ये हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे विभाग पाडून वेगवेगळ्या कामांसाठी लाकडातील कमाल ओलावा ठरवून दिलेला आहे. माझ्या अनुभवात आपल्या भागातील बाहेरच्या दारासाठी १२ ते १४ टक्के ओलावा जोडणीच्या वेळी असावा. हा आकडा वर्षभरातील चढउताराच्या साधारण मध्यावर येतो, त्यामुळे दार दोन्ही ऋतूंत थोडे थोडे हलते, एकाच बाजूला सगळे ओढले जात नाही. भट्टीत ८-१० टक्क्यांपर्यंत सुकवलेले लाकूड ‘जास्त कोरडे म्हणजे जास्त चांगले’ या समजुतीने घेणारे लोक पावसाळ्यात फुगलेल्या दाराची तक्रार घेऊन येतात.

संगमेश्वरच्या पडवीतील हवा आणि नेरूळच्या बंदिस्त जागेतील हवा सारखी नसते, तेव्हा फळ्या आताच घरी आणून जमिनीपासून अर्धा फूट उंच, प्रत्येक दोन थरांमध्ये दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या देऊन रचाव्यात. या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या रेषेत याव्यात, अन्यथा फळ्या वाकतात. टोकांना जुना ऑइल पेंट फासावा. काम दसऱ्यानंतर सुरू करणे उत्तम. आणि फळ्या आणताना वनखात्याचा वाहतूक परवाना सोबत ठेवावा. मालकीच्या जमिनीतील असला तरी साग १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या कक्षेत येतो आणि त्याच्या वाहतुकीलाही परवाना लागतो. तोडीची परवानगी मिळाली म्हणजे वाहतुकीचीही मिळाली, असे बरेच जण गृहीत धरतात.

आपले लाकूड कमी पडल्यास बल्लारपूर, आलापल्ली भागातील सागवान मागावे. त्याला बाजारात सी. पी. (जुन्या मध्य प्रांताचे, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचे) सागवान म्हणतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेले, हे आपल्या वाचनात आले असेल. पाडलेल्या जुन्या चाळींमधील बर्मी सागवानाच्या तुळयाही मुंबईत मिळतात. ते लाकूड अप्रतिम असते, परंतु त्यात तुटलेले खिळे लपलेले असतात, तेव्हा टेबल सॉवर चढवण्यापूर्वी धातुशोधक फिरवावा. थिकनेसर नसल्याची काळजी करू नये. करवत गिरणीवर किंवा वखारीत मजुरी घेऊन फळ्या एका जाडीत करून देतात. मात्र ५० वरून एकदम ४२ मिमीवर येऊ नये. आधी ४६ पर्यंत उतरवून फळ्या पुन्हा पट्ट्या देऊन रचाव्यात. आतला ताण मोकळा होऊन ज्या फळ्यांना वाकायचे असते त्या या काळात वाकून घेतात. त्यांतल्या सरळ राहिलेल्या फळ्या उभ्या पट्ट्यांसाठी निवडाव्यात.

सेक्टर_आठ, सीबीडी बेलापूर

मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे, आणि वरील दोन्ही उत्तरे वाचून मला एवढेच म्हणावेसे वाटते की दाराइतकेच लक्ष दाराच्या अवतीभवती द्यावे. कोकणातील जुन्या घरांची सागवानी आणि फणसाची दारे पिढ्यानुपिढ्या टिकली याचे श्रेय आपण लाकडाला देतो. परंतु ती दारे बहुधा पडवीच्या आत असत, आणि पाऊस व ऊन दोन्ही त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचत. आपण तेच लाकूड उघड्या भिंतीवर लावतो आणि तेवढ्याच आयुष्याची अपेक्षा करतो. दीड फुटी छज्जा पश्चिमेच्या तिरप्या पावसाला पुरत नाही. सोसायटीची परवानगी घेऊन तो किमान अडीच-तीन फुटांपर्यंत वाढवता आला, तर पॉलिशच्या डब्यांवरील खर्चापेक्षा तो खर्च अधिक उपयोगी पडेल.

दार आत उघडत असणार असे धरतो. अशा दारात बाहेरच्या पृष्ठभागावरून ओघळलेले पाणी खालच्या कडेला येते, कडेखाली वळते आणि उंबरठ्यावरून आत सरकते. त्यासाठी खालच्या आडव्या पट्टीवर बाहेरून ४०-५० मिमी पुढे येणारी, वरून उतार दिलेली सागवानी पट्टी बसवावी आणि तिच्या पोटात, पुढच्या कडेपासून १० मिमी आत, ६ मिमी रुंदीची खाच काढावी. छज्ज्याच्या पोटात गवंडी ड्रिप काढतो त्याच कामाची ही खाच आहे. पाणी तिच्याशी येऊन तुटते आणि खाली पडते. ग्रॅनाइटचा उंबरठा असेल तर त्याला बाहेरच्या बाजूस उतार आहे की नाही हे गोळी ठेवून पाहावे. नवी मुंबईतील कित्येक घरांत तो आतल्या बाजूला असतो, आणि मग दोष दाराला दिला जातो.

खालच्या आणि मधल्या आडव्या पट्टीच्या वरच्या खाचेत पॅनलच्या कडेने पाणी उतरतेच. त्या पट्ट्यांची बाहेरील वरची कड सपाट न ठेवता उतरती करावी आणि खाचेच्या तळातून बाहेरच्या तोंडाला दोन-तीन बारीक तिरपी भोके पाडावीत. पाणी आत जाणारच असे मानून त्याला बाहेरची वाट ठेवणे, हे माझ्या मते कोणत्याही सीलंटपेक्षा भरवशाचे आहे.

पॅनलच्या बाबतीत एक मतभेद नोंदवतो. आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना सागवानी व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावल्यास पॅनल फुगण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि गावच्या लाकडात पांढरे जास्त निघाले तर गाभ्याच्या फळ्या पट्ट्यांसाठी वाचतात. प्लायच्या चारही कडा मात्र खाचेत जाण्यापूर्वी इपॉक्सीने बंद केलेल्या असाव्यात.

पॉलिशविषयी. लाखेचे फ्रेंच पॉलिश पाण्याने पांढरे पडते आणि मेलामाइन हे घरातल्या फर्निचरसाठी आहे, तेव्हा दोन्ही बाद. दोन घटकांचे बाह्य वापराचे पीयू (पॉलियुरेथेन) दिसायला सुंदर असते, परंतु त्याचा जाड थर एखाद्या सांध्यापाशी तडकला की पाणी त्याखाली शिरते, पापुद्रे निघतात आणि मग संपूर्ण दार खरवडावे लागते. पश्चिमेच्या उन्हात पूर्ण पारदर्शक थर लवकर हार मानतो, कारण त्यातून अतिनील किरणे लाकडापर्यंत पोहोचतात. म्हणून मी थोडा तपकिरी रंग मिसळलेले, लाकडात मुरणारे बाह्य फिनिश सुचवतो. त्याला वर्षातून एकदा, मे महिन्यात, हलका पॉलिश पेपर मारून नवा हात द्यावा लागतो, पण ते काम एका सकाळीत आटोपते. नुसत्या अळशीच्या तेलावर अवलंबून राहू नये. आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. काजूच्या टरफलाचे तेल कोकणात होड्यांना आणि वाशांना लावतात आणि ते वाळवीसाठी परिणामकारक आहे, परंतु ते काळपट दिसते आणि त्वचा भाजते, तेव्हा दर्शनी भागावर त्याचा विचार करू नये.

सहाही बाजूंना सारखेच हात द्यावेत, आणि खालच्या कडेला, जिथे उभ्या पट्ट्यांची तोंडे उघडी असतात, तिथे दार बसवण्यापूर्वी इपॉक्सी मुरवावी. कुलपासाठी आणि बिजागऱ्यांसाठी खाचा खोदल्यावर आतले लाकूड पुन्हा कोरे होते, ते विसरू नये.

रंधा_पटाशी, ठाणे पश्चिम

मरीन प्लायच्या पॅनलला माझा विरोध नाही, परंतु व्हिनियरचा पापुद्रा पश्चिमेच्या उन्हात आणि दर मेमधल्या पॉलिश पेपरखाली किती काळ टिकेल याविषयी शंका आहे. भरीव सागवानी पॅनल पुन्हा पुन्हा घासता येते. लाकूड पुरत असेल तर भरीव, न पुरल्यास आतल्या बाजूला व्हिनियर आणि बाहेरच्या बाजूला रंग, असे मी करीन. उंबरठ्याच्या उताराचा मुद्दा मात्र माझ्या लक्षातच आला नव्हता.

नेरूळ_रोहाऊस

सर्वांचे मनापासून आभार. फळ्या परवान्यासह घरी आणल्या असून त्यांतील दोन फळ्यांचे तुकडे ओव्हनमध्ये तपासले. ओलावा साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास आला, म्हणजे अद्याप थांबावे लागणार. पांढरे कापून काढल्यावर पट्ट्यांपुरता गाभा निश्चित मिळेल, पॅनलला मात्र बहुधा बाहेरून लाकूड घ्यावे लागेल. उंबरठा तपासला: गोळी आतल्या बाजूलाच घरंगळली. गवंड्याला बोलावले आहे.

आता दोन शंका उरल्या आहेत. मधली आडवी पट्टी नेमकी हाताच्या उंचीवर येते आणि मॉर्टिस लॉकही (दाराच्या जाडीत खोदून बसवायचे कुलूप) तेथेच बसतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा? शिवाय बिजागऱ्या किती आणि कोणत्या घ्याव्यात?

रंधा_पटाशी, ठाणे पश्चिम

शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. मॉर्टिस लॉकची पेटी उभ्या पट्टीत ज्या जागी शिरते तिथेच मधल्या पट्टीचे टेनन असते, आणि अनेक दारांत सुतार लॉक बसवताना ते टेनन अर्धेअधिक कापून टाकतो. वरून काहीच दिसत नाही, पण त्या बाजूचा सांधा केवळ उरलेल्या लाकडावर तगतो. आधी लॉक विकत घ्या, त्याची पेटी मोजा आणि मगच मधल्या पट्टीची उंची ठरवा. पट्टी थोडी खाली, म्हणजे तिची वरची कड जमिनीपासून सुमारे ८५० मिमीवर ठेवली, तर लॉक तिच्या वर, सलग उभ्या पट्टीत, १००० मिमीच्या आसपास बसतो आणि सांध्याला धक्का लागत नाही. लॉकच्या खोलीविषयीही सावध राहा: १२० मिमीच्या उभ्या पट्टीत आतल्या कडेला पॅनलची १५ मिमी खाच आहे, म्हणून पेटीची खोली ८५-९० मिमीपेक्षा जास्त नसावी.

या दाराचे वजन ४० किलोच्या आसपास भरेल. त्याला तीन बिजागऱ्या पुरतात, परंतु पश्चिमेचा वारा दार आपटवतो म्हणून पाच इंची चार घ्याव्यात. खाडीच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही आणि गंजताना सागवानावर काळे डाग सोडते. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील चालेल, ३१६ मिळाल्यास अधिक बरे, आणि स्क्रूही त्याच धातूचे असावेत. पितळी बिजागऱ्या आवडत असतील तर प्रत्येक भोकात आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून फिरवून काढावा आणि नंतर पितळी बसवावा, कारण सागवानात पितळी स्क्रूची मान चटकन तुटते.

पल्ला बसवताना बिजागरीच्या बाजूला २ मिमी, वर ३ मिमी आणि कुलपाच्या बाजूला ३.५ ते ४ मिमी फट सोडावी. लाकूड १३ टक्क्यांवर असताना जोडले तर पावसाळ्यात दोन्ही उभ्या पट्ट्या मिळून जास्तीत जास्त सव्वादोन-अडीच मिमी फुगतील, त्यामुळे एवढी फट पुरेशी आहे. कुलपाच्या बाजूची कड दोन अंश तिरपी करावी, म्हणजे आत उघडणाऱ्या पल्ल्याची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा किंचित अरुंद राहील. पहिला पावसाळा संपेपर्यंत त्या कडेवर पुन्हा रंधा मारू नये. जुलैत कुठे घासलेच तर खडूने जागा तेवढी खुणावून ठेवावी आणि निर्णय दसऱ्यानंतर घ्यावा.